फाबियसांच्या घरचं बोडण

मी मेलबर्नला जाऊन रोमन लोकांचा इतिहास शिकते, हे आमच्याकडे कुणालाच नीट पचलं नाही. पुण्याच्या गल्लीगल्लीतून पोरं ऑस्ट्रेलियाला निघाली होती ते दिवस. कोणी केस कापायचा डिप्लोमा करत होतं, कोणी स्वयंपाकाचा, कारण त्या धंद्यांना पीआर, म्हणजे तिथे कायमचं राहायचा परवाना, मिळायचा. शाळामास्तरांनाही मिळतो असं कुणीतरी सांगितलं आणि घरच्यांनी मला शिक्षिका व्हायला विमानात बसवलं. माझा विषय इतिहास. पहिल्याच सेमिस्टरला प्राचीन रोम निघालं. आत्या फोनवर म्हणाली की मेलेल्या माणसांचा अभ्यास करायला एवढ्या लांब कशाला जायचं, आपल्या पेठेत काय कमी आहेत.

राहायला मी दादाकडे होते. दादा म्हणजे माझा थोरला चुलत भाऊ. तो आयटीत. त्याने आणि वहिनीने मेलबर्नच्या कडेला, पॉइंट कुकला नवंकोरं घर घेतलं होतं. तिथे तेव्हा घरं आली होती आणि झाडं यायची होती. समुद्रावरून वारा सुटला की सगळ्या वसाहतीतले कचऱ्याचे डबे रस्त्यावर फिरायला निघत. स्टेशन गाठायचं तर गाडी हवी, म्हणून सकाळी दादा मला सोडायचा आणि वाटेत एकच प्रश्न विचारायचा, की याला पुढे स्कोप काय. मी त्याला सांगायचे की रोमन साम्राज्यालाही पुढे स्कोप नव्हता, तरी बरीच वर्षं चाललं.

युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, आमचा ट्यूटर शेंडी बांधणारा, बाराही महिने हाफ पँट घालणारा माणूस होता. त्याने वर्गातल्या प्रत्येकाला एकेक रोमन घराणं वाटून दिलं. सेमिस्टरभर त्या घराण्याच्या मागे लागायचं आणि शेवटी वर्गापुढे सांगायचं. माझ्या वाट्याला फाबियस आले. रोमन पुरुषाला सहसा तीन नावं असायची आणि त्यातलं मधलं घराण्याचं. आपण आडनाव शेवटी लावतो, ते मधे लावायचे. फाबियस हे नाव म्हणे एका शेंगेवरून पडलं, आपल्या पावट्याच्या नात्यातल्या. म्हणजे रोममधल्या अगदी जुन्या, नाक वर करून चालणाऱ्या खानदानाचं आडनाव पावटे. हे कळल्यावर मला ते लोक एकदम आवडायला लागले.

त्याच सुमारास काकू आल्या. काकू म्हणजे दादाची आई. वहिनीला सातवा महिना होता आणि तिच्या आईचे गुडघे विमानात बसण्यासारखे राहिले नव्हते, म्हणून बाळंतपणाला सासूच आली. विमानतळावर काकूंनी सगळं खरंखरं सांगून टाकलं. बॅगेत सुपाऱ्या आहेत, हळकुंडं आहेत, देवी आहे. तिथल्या बाईंनी सुपाऱ्या काढून घेतल्या, हळकुंडं काढून घेतली आणि देवी उलटीसुलटी करून परत दिली, कारण ती पितळेची होती आणि तिला कीड लागणार नव्हती. काकूंना त्या बाई फार आवडल्या. म्हणाल्या, तिने हात पुसून मग देवीला उचललं.

देवी आणायचं कारण बोडण. आमच्या घराण्यात लग्न झालं किंवा मूल झालं की बोडण भरतात. परातीत देवी ठेवायची, भोवती चार सवाष्णी आणि एक कुमारिका बसवायची, नैवेद्याचं पुरण, वरण, भात, त्यावर दूध, दही, तूप, मध, साखर असं सगळं परातीत घालून पाचजणींनी हाताने कालवायचं. देवी त्या काल्यात गडप होते. मधेमधे कुमारिकेला विचारायचं, आणखी काय हवं, आणि ती मागेल ते घालायचं, कारण त्या वेळी मागणारी ती नसते, देवी असते. शेवटी देवी काढून धुवायची आणि काला गाईला घालायचा. पुरुषांना तिथे प्रवेश नाही.

काकूंनाही नव्हता. काका जाऊन सहा वर्षं झाली होती आणि बोडणाला सवाष्णीच लागतात. हे कुणी ठरवलं असं विचारलं तर कुणाचंही नाव पुढे येत नाही, पण पाळतात सगळे. दादाच्या लग्नानंतर पुण्यात बोडण झालं तेव्हा मी तिथे होते. आदल्या दिवसापासून स्वयंपाक काकूंनी केला, पूजेची मांडणी काकूंनी केली, आणि ऐन वेळी त्या उंबऱ्याबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. आत चौघी जणी बोटांच्या टोकांनी काला ढवळत होत्या, आणि काकू बाहेरून सांगत होत्या, अगं तळापासून घ्या. सुनेचं बोडण आणि सासू दाराबाहेर. मला तेव्हा जो राग आला तो अजून उतरलेला नाही. आता नातवंडाचंही तसंच होणार होतं. काकू सात समुद्र ओलांडून देवी घेऊन आल्या होत्या त्या स्वतः दाराबाहेर उभं राहण्यासाठी.

पण काकू मोठ्या धीराच्या, त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हत्या. दुपारी मी युनीतून आले की त्या ओट्याशी पोळ्या लाटत आणि मी समोर बसून फाबियस घराण्याची तयारी करत असे. त्यांना आमची ही गोष्ट मालिकेपेक्षा बरी वाटायची. रोज विचारायच्या, काय म्हणतात तुझे पावटे.

मी सांगायचे. त्यांच्यातली मोजकी तीन-चारच नावं पिढ्यान्‌पिढ्या फिरत. काकूंना ते रास्त वाटलं, आजोबांचं नाव नातवाला देतातच. एकाच्या ओठावर चामखीळ होती तर त्याला सगळं रोम चामखीळवाला म्हणे. तेही त्यांना रास्त वाटलं, त्यांच्या माहेरी एक बोबडे मामा होते. वर्षातून एकदा फाबियस घराण्यातले तरुण बोकडाचं कातडं कमरेला गुंडाळून, बाकी उघडे, गावातून धावत सुटत आणि वाटेत दिसेल त्या बाईला चामड्याच्या पट्टीने फटके मारत. बायकाही हात पुढे करत, कारण त्याने मूल होतं अशी समजूत. यावर वहिनी पोट धरून हसली, आणि काकूंनी तिला हसू नकोस, बाळाला धक्का बसेल, असं सांगितलं. मग स्वतः पदर तोंडाला लावला.

मुलींचं ऐकल्यावर मात्र त्या थांबल्या. फाबियस घराण्यात मुलगी झाली की तिला निराळं नाव नसे. सगळ्या मुली फाबिया. दोन असल्या तर थोरली आणि धाकटी, आणखी झाल्या तर तिसरी, चौथी. काकू म्हणाल्या, यात नवल काय, मला लग्नानंतर सूनबाई म्हणाले, मग वहिनी, मग काकू, मग आई, आता आजी म्हणतील. पुढची पोळी त्यांनी इतक्या जोरात लाटली की पोळपाट सरकला.

त्यांचा सगळ्यात लाडका फाबियस निराळाच होता. रोमला शत्रूचा वेढा पडला होता, उरलेसुरले लोक एका टेकडीवर कोंडले होते, आणि फाबियस घराण्याच्या कुळाचाराचा दिवस आला. तो व्हायचा दुसऱ्या टेकडीवर. मधे सगळी शत्रूची छावणी. तर घरातला एक तरुण पूजेचं वस्त्र ठरलेल्या पद्धतीने नेसला, पूजेचं साहित्य हातात घेतलं, टेकडी उतरून सरळ शत्रूच्या मधून चालत गेला, सगळं यथासांग केलं आणि आल्या वाटेने परत आला. त्याला कुणी हात लावला नाही.

काकूंचं लाटणं हातातच राहिलं. त्यांनी लगेच विचारलं की मधे कुणी शिवलं तर नाही ना त्याला. मी म्हटलं, पुस्तकात तसं काही नाही. मग ठीक, म्हणाल्या, सोवळ्याला घाबरले ते. त्या दिवसांत ट्रेनमध्ये आपल्या मुलांना मारहाण झाल्याच्या बातम्या टीव्हीवर सारख्या लागत, आणि आत्या पुण्याहून फोन करून मला संध्याकाळी बाहेर पडायला बंदी घालत असे. दुसऱ्या दिवसापासून काकू माझ्या बॅगेत देवीच्या अंगाऱ्याची पुडी ठेवायला लागल्या. मी ती वाहिली. नास्तिक असले तरी वेडी नव्हते.

आणि मग तो सगळे मेल्याचा प्रसंग आला. एकदा या घराण्याला वाटलं की शेजारच्या गावाशी चाललेलं युद्ध आपण घरच्या घरी उरकू. सरकारी फौज कशाला, आपण कमी आहोत का. घरातले सगळे कर्ते पुरुष, तीनशेच्या वर, रांगेने वेशीबाहेर पडले. लोक कौतुकाने बघायला जमले. पुढे शत्रूने एकदा गुरं मोकळी सोडली, हे ती पकडायला धावले, आणि दबा धरून बसलेल्यांनी सगळ्यांना कापून काढलं. घरी एकच मुलगा मागे राहिला होता, पुढचा सगळा वंश त्याचा, असं सांगतात. मी हे जरा रंगवून सांगितलं, कारण वर्गात असंच सांगायचा बेत होता.

काकूंनी गॅस बंद केला.

“आणि त्यांच्या बायका?” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, बायकांबद्दल काही लिहिलेलं नाही.

“असं कसं? एका घरात एका दिवसात तीनशे बायका विधवा झाल्या. त्या वर्षी कुळाचार कोणी केला मग? तो एकटा पोरगा? त्याला काय येत असणार? यांनीच केला असेल. एरवी तरी सगळं यांनीच केलं असेल.”

मी पुढच्या ट्यूटोरियलला हे विचारलं. ट्यूटरने शेंडी सोडली, परत बांधली, आणि म्हणाला, ग्रेट क्वेश्चन, मेट, सोर्सेस सांगत नाहीत. त्याने मला विचारलं की हे तुला कसं सुचलं. मी सांगितलं, आमच्या घरी एक बाई आहेत, त्यांना सुचलं, पोळ्या करताना. तो म्हणाला, त्यांना वर्गात आण. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या लाजल्या, आणि हाफ पँटवाल्या माणसापुढे आपण जाणार नाही म्हणाल्या.

मला मात्र त्या दिवसापासून गप्प बसवेना. मी दादाला गाडीत गाठलं. म्हटलं, तुझ्या मुलाचं बोडण, तुझं घर, तू तुझ्या आईला सांग, आत बस म्हणून. दादा म्हणाला, बघू. दुसऱ्या दिवशी म्हणाला, बाळ तर होऊ दे. फाबियस घराण्यात एक सेनापती असाच होता, तो लढाई टाळत टाळत शत्रूला दमवायचा, आणि त्याने म्हणे रोम वाचवलं. दादाने टाळून टाळून फक्त स्वतःला वाचवलं. वहिनीशी बोलले तर तिचे डोळे भरून आले. म्हणाली, मी कसं सांगू, आई मलाच रागावतील. आणि काकूंना विचारायची सोय नव्हती. एकदा प्रयत्न केला तर म्हणाल्या, चालायचंच. या एका शब्दाने आमच्या बायकांच्या पिढ्या गारद केल्या आहेत.

बाळ झालं. मुलगी झाली. बोडणाचा दिवस ठरला आणि तयारी सुरू झाली. दादावर एकच काम सोपवलं होतं, गाय शोधायची. ते त्याने टाळलं नाही, याची नोंद करायला हवी. शहराबाहेर जाऊन त्याने एका शेतकरी बाईला गाठलं आणि आमच्या धर्मात काय असतं ते समजावून सांगितलं. बाईंनी एवढंच विचारलं की त्यात मांस तर नाही ना. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, नो वरीज, बादली घेऊन ये, पण थोडंच घाल.

सवाष्णी जमल्या. वहिनी, तिच्या ऑफिसातल्या दोघी, आणि मागच्या गल्लीतली एक मैत्रीण, जी नर्सिंग शिकायला आली आणि इथेच राहिली. कुमारिका या मैत्रिणीची मुलगी, सहा वर्षांची, इथेच वाढलेली. मीही अविवाहित होते, पण चोविसाव्या वर्षी मला कुमारिका म्हणायला देवीही कचरली असती. माझ्याकडे लॅपटॉप धरायचं काम आलं. कारण आत्याला पुण्याहून बघायचं होतं. ती काकांची धाकटी बहीण, या घरची माहेरवाशीण, आणि सगळं रीतीने होतंय की नाही यावर तिची देखरेख. मी लॅपटॉप खुर्चीवर ठेवला. पडद्यावर आत्याचं अर्धं कपाळ आणि मागचं कपाट दिसत होतं.

पहाटेपासून सगळा स्वयंपाक काकूंनी केला होता. त्यांनी परात मांडली, देवी ठेवली, कोण कुठे बसेल ते दाखवलं. कुमारिकेला समोर बसवून सांगितलं की तुला विचारतील तेव्हा हवं ते माग, तुला कुणी नाही म्हणणार नाही. पोरीने विचारलं, “एनीथिंग?” काकूंनी मान डोलावली. मग त्या उठल्या आणि बैठकीच्या खोलीतून बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. ऑस्ट्रेलियातल्या घरांना उंबरा नसतो, पण तो कुठे असायला हवा हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

कालवणं सुरू झालं. ऑफिसातल्या दोघी नखांना जपत होत्या. काकू बाहेरून सांगत होत्या, तळापासून घ्या. वहिनीने कुमारिकेला विचारलं, आणखी काय हवं. दूध, साखर असं काहीतरी म्हणायचं असतं. पोरगी म्हणाली, “स्प्रिंकल्स.” केकवर घालायचे रंगीत साखरेचे दाणे. पडद्यावरून आत्या म्हणाली, हे काय भलतंच. पण काकूंनी बाहेरूनच निकाल दिला, ती मागेल ते द्यायचं. मी फडताळातून बाटली आणली. देवीच्या डोक्यावर लाल, हिरवे, निळे दाणे पडले, आणि ती मला पहिल्यांदाच मजेत असल्यासारखी दिसली.

देवी काल्यात बुडाली. काला कोपरापर्यंत यायला लागला तशी पोरगी कंटाळली. वहिनीने परत विचारलं, आणखी काय हवं.

“मला नको आता. इट्स सो यकी,” ती म्हणाली आणि हात वर धरून पॅसेजकडे बघितलं. “आजीला बसव ना इथे. आजी कॅन डू इट.”

तिच्या आईने तिला डोळ्यांनी दटावलं. तेवढ्यात आत्याचा आवाज आला, की हे काही मागणं नव्हे, मागायचं ते दूध-तूप-साखर, मुलीला नीट विचारा परत. मी म्हटलं, आत्या, स्प्रिंकल्स चालले ना, मग माणूस का चालत नाही. आवाज चढला होता माझा. आत्या म्हणाली, तू लॅपटॉप धर. मी तो खुर्चीवरून उचलून हातात धरला.

काकू पॅसेजमध्ये तशाच उभ्या. “मी कशी बसू गं?” त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही.

आणि मग वहिनी बोलली. लग्न झाल्यापासून सासूपुढे कधी मान वर न केलेली, बाळंतपणातून नुकतीच उठलेली वहिनी. तिचे दोन्ही हात काल्यात होते.

“आई, देवीने बोलावलंय तुम्हाला. तुम्ही तिला नाही म्हणणार आहात?”

काकूंना या प्रश्नातून सुटका नव्हती, कारण नियम त्यांचाच होता. मला वाटलं, आता म्हणतील, चालायचंच. पण त्यांनी पदर खोचला, बांगड्या मागे सारल्या, आणि जिथे उंबरा नव्हता तिथून पाय उचलून आत आल्या. पोरगी सरकली. काकू बसल्या आणि परातीत हात घातला, मनगटापर्यंत.

“गार आहे गं,” त्या म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या आणि थोडा वेळ त्यांचा हात हललाच नाही. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मी ती पुसत नव्हते, कारण लॅपटॉप हलला असता. मग काकू कालवायला लागल्या. तळापासून, मुठीने, परात फिरवत. ऑफिसातल्या दोघींना म्हणाल्या, असं काय शिवताय, ती काय विंचू आहे, घाला हात. दोघींनी नखं विसरून हात घातले. चार सवाष्णी, एक विधवा आणि तिच्या मांडीला टेकून बोटं चाटणारी एक कुमारिका.

पडद्यावर अजून आत्याचं अर्धं कपाळच होतं. तिने फोन ठेवला असता तर मला नवल वाटलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मी तेच व्हायची वाट बघत होते. कपाळ हललं. आता पूर्ण चेहरा दिसायला लागला, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आलेला. ती परातीकडे बघत होती.

“वहिनी,” ती काकूंना म्हणाली, “तूप कमी वाटतंय.”

काकूंनी वर बघितलं नाही. “कमी नाही, वन्सं. इथलं तूप पातळ असतं.”

“पातळ असलं तरी रंग येतो. आईच्या हातचं आठवा.”

“सासूबाई पावशेर घालायच्या.”

“पावशेर कुठलं? चांगलं अर्धा शेर घालायची.”

काकू म्हणाल्या, तुम्ही तेव्हा लहान होता, तुम्हाला काय आठवतंय. आत्या म्हणाली, मी त्या घरात जन्मले. आणि मग त्या दोघी बराच वेळ तुपावरून भांडत राहिल्या.